गाजरवाल्या सिस्टर

आमच्या श्रीगोंद्यात जन्मलेल्या माणसाला स्वतःचं जन्माचं वजन माहीत नसलं तरी काही बिघडत नसे. ते सिस्टरना माहीत असे आणि त्या ते चारचौघांत सांगत. मी चाळिशी ओलांडलेला, दोन पोरांचा बाप, स्वतःच्या दुकानाच्या गल्ल्यावर बसलेला असलो, तरी सिस्टर आल्या की माझी ओळख एकच. "हा संजू. दोन सहाशे." म्हणजे दोन किलो सहाशे ग्रॅम. एकदा नगरपालिकेला उभा राहिलेला एक उमेदवार हात जोडत दुकानात शिरला. सिस्टरनी चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं आणि माझ्या गिऱ्हाइकांना म्हणाल्या, "ह्यो एक नऊशे. जगतोय का न्हाई म्हणून नगरला काचेच्या पेटीत ठिवला हुता." उमेदवारानं पत्रकं ठेवली आणि तो गेला. पुढं तो निवडून आला, पण आमच्या गल्लीत काही परत आला नाही.

सिस्टर म्हणजे सरकारी उपकेंद्रातल्या नर्सबाई. तालुक्यातल्या निम्म्या गावांत त्यांची नोकरी झाली. बाळंतपणं, डोस, वजनं, हेच तीस-पस्तीस वर्षं. त्यांचं खरं नाव बहुतेक फक्त पोस्टमनला माहीत असावं. नवरा एसटीच्या डेपोत मेकॅनिक होता, तो जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी नाशिकला शाळेत शिक्षिका. सिस्टर आमच्या गल्लीच्या टोकाला, बुद्धविहाराच्या मागच्या दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. निवृत्त झाल्या तरी पांढरी साडी आणि पांढरे बूट सुटले नाहीत. हातात प्लॅस्टिकची बास्केट, पूर्वी तिच्यात लशींचा डबा असायचा. आता गाजरं असायची.

माझं दुकान पशुखाद्याचं. सरकी पेंड, भुसा, मक्याची चुनी. पूर्वी गल्लीत एखादं कुत्रं असायचं, ते सगळ्यांचं असायचं आणि कुणाचंच नसायचं. गेल्या काही वर्षांत बंगले झाले आणि बंगल्यागणिक पट्ट्यातलं कुत्रं झालं. मीही काळाबरोबर जावं म्हणून दुकानात एक फळी कुत्र्यांच्या बिस्किटांसाठी केली. हाडाच्या आकाराची बिस्किटं, चघळायच्या कांड्या, रंगीत पाकिटं. पेंडीपेक्षा ती फळी जास्त चालायला लागली. मी दुसरी फळी ठोकायला सुताराला सांगितलं, त्याच आठवड्यात सिस्टर माझ्या दुकानातल्या स्टुलावर बसायला लागल्या.

पहिल्या दिवशी हायस्कूलचे एक सर त्यांच्या पिल्लासाठी पाकीट घ्यायला आले होते. सिस्टरनी ते पाकीट त्यांच्या हातातून काढून घेतलं, मागचं बारीक अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "ह्यात चिकनची चव लिहिलीय. चिकन कुठं लिहिलंय?" सरांनी शोधलं. मीही शोधलं. नव्हतं. मग त्यांनी पाकिटातून एक बिस्कीट काढून उजेडात धरलं. "आन् हे हाड न्हाई. हाडाचा फोटू हाय." असं म्हणून त्यांनी बास्केटमधून एक गाजर काढून सरांना दिलं. "हे द्या. धुतलेलंच हाय." सर तीन शंभर होते, म्हणजे जन्माला सिस्टरच्याच हातात आले होते. त्यांनी फोडलेलं पाकीट फळीवर ठेवलं आणि गाजर घेऊन गेले.

"सिस्टर, हे माझं दुकान आहे," मी म्हणालो.

"व्हय की. म्हणून तर हितं बसून सांगायला बरं पडतं. मानसं आपणहून येत्यात."

मी पुढं काही बोललो तर काय ऐकावं लागणार ते मला माहीत होतं. ट्रिपलचा डोस मला त्यांनीच दिला होता आणि मी तेव्हा सगळं उपकेंद्र डोक्यावर घेतलं होतं. ज्या बाईनं आपल्या मांडीत सुई खुपसली आहे तिच्याशी धंद्याच्या गोष्टी करता येत नाहीत. मी सुताराला दुसऱ्या फळीचं राहू दे म्हणून कळवलं. दुकानात कंपनीचं एक मोठं रंगीत पत्रक लावलेलं होतं, बिस्कीट खाऊन हसणाऱ्या कुत्र्याचं. तेही सिस्टरच्या डोळ्यांवर येत होतं. "कुत्रं कधी हसतं का? झाक ते," त्या म्हणाल्या. मी त्याच्यापुढं सरकीची पोती रचली.

कुत्र्याला काय द्यायचं याचं त्यांचं शास्त्र साधं होतं. बाळाला वरचं खाणं सुरू करताना त्या आयांना जे सांगत, तेच त्या कुत्रेवाल्यांना सांगत. बी काढा, साल काढा, लहान करा. गाजर, काकडी, उकडलेला लाल भोपळा, उकडलेलं रताळं, पपई, बिया काढलेलं सफरचंद, कलिंगडाचा लाल भाग. जेवण म्हणून नाही. जेवण वेगळं, आपली भाकरी, दूध, अंडं. हे मधल्या वेळचं, बिस्किटाच्या जागी. कांदा आणि लसूण मात्र बिलकूल नाही, हे त्यांनी जनावरांच्या डॉक्टरांकडून खात्री करून घेतलं होतं. आमच्याकडं कांद्याशिवाय कालवण होत नाही आणि उरलेल्या कालवणात भाकरी कुस्करून कुत्र्याला घालायची, ही तर सगळ्या तालुक्याची रीत. त्यामुळं सिस्टरची निम्मी शक्ती कांदा थांबवण्यात जायची. एका बाईनं त्यांना विचारलं, "मग आमी काय आता कुत्र्यासाठी येगळी भाजी टाकायची?" सिस्टर म्हणाल्या, "टाका की. सासऱ्यासाठी बिनमिठाची टाकताच."

कुत्री गाजर खात नाहीत, हे मला माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं. सिस्टरना ते मान्य होतं, फक्त त्या म्हणायच्या की पोरंही खात नाहीत. "आठ येळा नको म्हणतंय, नवव्या येळंला खातंय. लोकं सातव्याला कंटाळत्यात." कुत्र्यापुढं गाजर धरायचं नाही, त्याच्याकडं पाठ करून बसायचं आणि आपणच कडाकडा आवाज करत खायचं, अशी त्यांची पद्धत. कुत्र्याला दिलेल्या वस्तूपेक्षा न दिलेली वस्तू हवी असते. मी या पद्धतीला हसलो म्हणून त्यांनी मला दुकानात बसवून सरांच्या पिल्लापुढं सलग चार दिवस गाजरं खायला लावली. पिल्लू तिसऱ्या दिवशीच खायला लागलं. चौथा दिवस कशासाठी होता ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

लवकरच गल्लीतल्या आणि मागच्या कॉलनीतल्या मिळून तेरा घरांतली कुत्री सिस्टरच्या ताब्यात आली. ताब्यात म्हणजे कार्डावर. उपकेंद्रात लहान मुलांची वजनं लिहायची कार्डं असतात, त्यांवर हिरवा, पिवळा आणि लाल असे पट्टे असतात. मूल लाल पट्ट्यात गेलं की ते कुपोषित. जुनी, रद्द झालेली कार्डं सिस्टरकडं गठ्ठ्यानं होती. आमच्याकडची कुत्री कुपोषित नव्हती, उलट लोळत होती. सिस्टरनी कार्ड उलटं धरलं. आता खालचा लाल पट्टा वर आला आणि लठ्ठ कुत्रं त्यात बरोब्बर बसलं. सरकारी छापील कार्डाचा इतका सोपा उपयोग दुसऱ्या कुणाला सुचला नसता.

वजन करायला त्यांच्याकडं बाळांची झोळी आणि टांगायचा काटा होता. सरकारनं तो निर्लेखित केला होता, म्हणजे कागदावर मारला होता, त्यामुळं त्याला कुणी वाली नव्हता. बुधवारी सकाळी त्या माझ्या दुकानासमोरच्या कडुलिंबाला काटा अडकवायच्या आणि पामेरियन, पग असली मंडळी एकेक करून झोळीत लटकायची. चारही पाय झोळीच्या भोकांतून खाली. झोळीत गेलं की भुंकणारं कुत्रंही गप्प व्हायचं. बाळंही अशीच गप्प होतात, असं सिस्टर म्हणायच्या. त्यांचं म्हणणं, वजन होताना प्रत्येकाला वाटतं की आता आपलं काही खरं नाही. काटा पंचवीस किलोपर्यंतच होता. त्यापुढची कुत्री माझ्या दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर. आमचा ब्रुनो पोत्यांच्या काट्यावरचा.

ब्रुनोबद्दल जरा सांगायला हवं. तो लॅब्राडोर. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गोदामाच्या राखणीला म्हणून पुण्याहून पिल्लू आणलं. त्यानं आयुष्यात कधी कुणाची राखण केली नाही. अण्णा काही वर्षांपूर्वी गेले. त्यानंतर आई जी ओसरीवर बसली, ती बसलीच. देवळात जायची नाही, बाजारात जायची नाही, लग्नाकार्याला जायची नाही. सकाळी चहा, शेजारी ब्रुनो. दुपारी चहा, शेजारी ब्रुनो. एक बिस्कीट स्वतःला, दोन त्याला. घरात बिस्किटं संपली तर दुकानातून मागवायची, दुकान घरचंच होतं. ती त्याच्याशी अण्णांच्या तक्रारी करायची आणि तो ऐकून घ्यायचा. आम्ही म्हणायचो, असू दे, तिला तेवढाच विरंगुळा. विरंगुळा बावन्न किलोंचा झाला. त्याला ओसरीच्या दोन पायऱ्या चढवेनात, बसल्या जागी धाप लागायला लागली. जनावरांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, असंच चाललं तर हा दिवाळी बघणार नाही. मला ब्रुनोची काळजी वाटलीच, पण खरं सांगायचं तर आईची जास्त वाटली. ब्रुनो गेला तर ती कुणाशी बोलणार हे मला सुचेना.

मी आईला म्हणालो, बिस्किटं बंद. तिनं तीन दिवस माझ्याशी अबोला धरला आणि चौथ्या दिवशी म्हणाली, "मुक्या जीवाला उपाशी मारतोस व्हय रं?" मग मी सिस्टरना घरी बोलावलं. अभिमान गिळून बोलावलं, कारण मला वाटलं होतं की त्या आधी मला हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ब्रुनोकडं पाहिलंही नाही. ओसरीवर आईशेजारी बसल्या, तिच्या हाताकडं बघत राहिल्या. आई बोलता बोलता बिस्कीट मोडत होती, न बघता, जपमाळ ओढावी तशी.

"आक्का," सिस्टर म्हणाल्या, "द्यायचं बंद नका करू. द्यायचं ते बदला. तुमचा हात थांबला तर तुमीच आजारी पडाल."

आई त्यांच्याकडं बघतच राहिली. अण्णा गेल्यापासून आम्ही सगळे तिला काय करू नको ते सांगत होतो. काय कर, हे पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी आई चपला घालून दारात उभी राहिली. मी विचारलं, कुठं? म्हणाली, "बाजारात. तू आणतोस ती गाजरं लाकडावानी असत्यात." दीड वर्षात ती पहिल्यांदा घराबाहेर पडली. मग ते रोजचंच झालं. सकाळी गाजरं बोटाएवढी चिरायची, दुपारी भोपळ्याची फोड कुकरला लावायची, संध्याकाळी काकडी. तिच्या दातांनी काकडी चाववत नसे, तरी ब्रुनोकडं पाठ करून ती आवाज करत चघळायची. ब्रुनोनं पंधरा दिवस दुःख केलं आणि मग तो गाजराचा झाला. बुधवारी मी आणि एक हमाल त्याला काट्यावर चढवायचो, सिस्टर कार्डावर टिंब करायच्या आणि आई विचारायची, "रंग कंचा?" तिला वाचता येत नाही, पण रंग कळतात. लाल, लाल, लाल, मग एके दिवशी पिवळा. त्या दिवशी आईनं सगळ्या गल्लीला शिरा वाटला, कुत्री सोडून. ब्रुनोनं ती दिवाळी बघितली. पुढचा शिमगा आला तोवर तो छत्तीस किलोंवर येऊन हिरव्या पट्ट्यात बसला होता आणि आईच्या पुढं बाजारात पळत होता.

त्याच दिवसांत द्राक्षं आली. एका बागायतदाराच्या जुळ्या पोरी सिस्टरच्या हातावर झालेल्या. दरवर्षी काढणीत सुटलेल्या मण्यांचं एक क्रेट तो त्यांच्याकडं पाठवायचा. त्या विहारात वाटून टाकायच्या. त्या वर्षी त्यांना वाटलं, यातली आपल्या कार्डावरच्या कुत्र्यांनाही द्यावीत. त्यांनी एक मणी उचलला आणि आपल्या शास्त्राला लावून पाहिला. बी? नाही. साल? नावापुरती. लहान? आधीच लहान. सिस्टरच्या परीक्षेत द्राक्ष पैकीच्या पैकी मार्कांनी पास झालं. त्यांनी तेरा घरी एकेक वाटी दिली, कुठल्या कुत्र्याला किती ते नेहमीप्रमाणं कार्डावर लिहिलं आणि सांगितलं, अर्धी आज, अर्धी उद्या. मी तिथंच होतो. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही. मी स्वतः मूठभर खाल्ली.

आईनं ब्रुनोला अख्खी वाटी दिली. मग घरात आमच्यासाठी आणलेला घड होता, तोही दिला. वर्षभर ती मोजून देत होती. ब्रुनो आता हिरव्यात होता, फळ सिस्टरनी स्वतः आणलं होतं. त्या दिवशी तिनं त्याला पोटभर, मनाजोगं दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ब्रुनो ओकायला लागला. दुपारी पाणी पिईना. डॉक्टर आले, काय खाल्लं म्हणाले. आईनं कौतुकानं सांगितलं, द्राक्षं. डॉक्टर म्हणाले, द्राक्षं कुत्र्याच्या मूत्रपिंडाला बाधतात. सगळ्यांनाच बाधतात असं नाही, पण कुणाला बाधतील ते आधी सांगता येत नाही. लगेच नगरला घेऊन चला, सलाईन लावावं लागेल.

सिस्टर तेव्हा ओसरीतच होत्या. त्या खाली बसल्या नाहीत की रडल्या नाहीत. आईसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "आक्का, ही चूक माझी हाय." आईनं तोंड फिरवलं. मी ब्रुनोला टेम्पोत घातलं आणि सिस्टर कार्डांचा गठ्ठा घेऊन बाहेर पडल्या. एखाद्या लशीची पेटी खराब निघाली की नर्सबाईला घरोघर जाऊन सांगावं लागतं. तसं त्यांनी उरलेल्या बाराही घरी जाऊन एकच वाक्य सांगितलं. "मी दिलेली द्राक्षं टाकून द्या, माझं चुकलं, कुत्र्याला आत्ताच डॉक्टरकडं न्या." कार्डावर सगळं लिहिलेलं असल्यानं एकही घर सुटलं नाही. एकानं म्हटलं, "आमच्याला तर काय झालं न्हाई की." सिस्टर म्हणाल्या, "झालं न्हाई ते त्याचं नशीब. माझी अक्कल न्हाई." बाराही कुत्री वाचली. सरांचं कुत्रं दोन दिवस मलूल होतं, तेही उठलं.

चौथ्या दिवशी नगरच्या दवाखान्यात ब्रुनोनं प्राण सोडला. आम्ही त्याला परत आणून गोदामामागं पुरलं.

संध्याकाळी सिस्टरनी त्याचं कार्ड माझ्या हातात दिलं. बाळ किंवा बाळंतीण दगावली की कारण लिहून सही करावी लागते, ती सवय असावी. कार्डाच्या शेवटी त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं. मृत्यूचं कारण, द्राक्षं. दिली कोणी, घरच्यांनी. द्यायला सांगितली कोणी, मी. खाली पूर्ण नाव आणि सही. त्यांचं पूर्ण नाव मी तेव्हा पहिल्यांदा वाचलं. आईनं विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं.

तीन-चार दिवसांनी सरकीची पोती संपली आणि मागचं पत्रक उघडं पडलं. हसणाऱ्या कुत्र्याच्या खाली, इंग्रजीत, बारीक चौकोनांत, कुत्र्याला काय देऊ नये त्याची चित्रं होती. कांदा होता. चॉकलेट होतं. तिसऱ्या चौकोनात द्राक्षांचा घड होता. लपवून ठेवावं असं मनात आलं, पण मी सिस्टरना बोलावून ते दाखवलं. त्यांनी ते पाकिटासारखंच पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"हे हितंच हुतं?"

"होय. तुम्ही झाकायला लावलं, पण मी तरी कुठं वाचलं होतं?"

"तू इकणारा. वाचायचं काम माझं हुतं," त्या म्हणाल्या. पत्रक घरी नेऊन त्यांनी त्याचं मराठी केलं, मोठ्या कागदावर, पोलिओच्या पाट्या लिहायच्या त्याच अक्षरात, आणि मला दुकानाच्या दर्शनी भागात लावायला सांगितलं. ते अजून आहे. बिस्किटांची फळीही आहे, तिच्याशेजारी गाजरांचं क्रेटही आहे. त्यानंतर कुणी सिस्टरना विचारलं, अमुक फळ चालेल का, तर त्या म्हणायच्या, "मला म्हाईत न्हाई. इचारून सांगते." आणि खरंच डॉक्टरांना विचारून सांगायच्या. या बाईच्या तोंडून 'म्हाईत न्हाई' ऐकायची गावाला सवय नव्हती. मला ते ऐकताना फार वाईट वाटायचं.

आई त्यांच्याशी बोलत नव्हती. सिस्टर मात्र रोज संध्याकाळी आमच्या पायरीवर येऊन बसायच्या. आई आत, त्या बाहेर. पंधरा-वीस मिनिटं बसून उठायच्या. असे कितीतरी दिवस गेले. एकदा आईनं न बोलता चहाचा कप उंबऱ्यावर आणून ठेवला. सिस्टरनी तो घेतला. दुसऱ्या आठवड्यात आई उंबऱ्यात बसली. आणि एके दिवशी, कुणी काही विचारलेलं नसताना, म्हणाली, "घरातला घड मीच घातला त्याला. तुमी अर्धी वाटी सांगितली हुती." सिस्टर म्हणाल्या, "अर्धी तरी का सांगितली मी?" मग आईनं बाजारात भोपळा कसा महाग झाला ते सांगितलं. भोपळा आता कुणासाठी आणायचा होता, देव जाणे, पण ती बाजारात जायची थांबली नव्हती. सिस्टर सोबत असायच्या.

या वर्षी सिस्टरचे गुडघे अगदीच गेले. विहाराच्या पायऱ्या होईनात. मुलगी दर रविवारी फोनवर रडायची, शेवटी येऊन सामान बांधून गेली. सिस्टरनी बारा घरची कार्डं ज्याची त्याला दिली, टांगायचा काटा सरांना दिला आणि त्यांना बजावलं, "वजन करा. सल्ला देऊ नका."

जायच्या सकाळी त्या आमच्याकडं आल्या. मी त्यांची बॅग मोटारसायकलला बांधून दारात उभा होतो, दहाची नाशिकची गाडी होती. आई ओसरीवर शेंगदाणे निवडत होती.

"आक्का, निघते."

"हं."

"एक इचारू का?"

"इचारा."

"राग गेला का तुमचा?"

आमच्याकडं निघालेल्या माणसाला कुणी कडू बोलत नाही. मला वाटलं, आई म्हणेल, कसला राग, काय बाई तुमचं. आईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"न्हाई गेला," ती म्हणाली. "सकाळी उठते तवा असतोच. पर तुमी जाऊ नका."

सिस्टर दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खाली बसल्या. डॉक्टरांनी त्यांना जमिनीवर बसायला मनाई केली होती. बसल्यावर त्यांनी सूप आपल्याकडं ओढलं आणि शेंगदाणे निवडायला लागल्या. आई दुसऱ्या बाजूनं निवडत होती. दहा वाजून गेले. मी बॅग सोडून ओसरीत आणून ठेवली.

सिस्टर दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं गेल्या.